पाठमोऱ्या लोपेतीचं भाषण

लोपेतीला गप्प बसलेला पाहिलेलं माणूस आमच्या एउआ बेटावर एकच होतं, ते म्हणजे त्याची थोरली बहीण लाविनिया. बाकी सगळ्यांपुढे या गड्याची टकळी अखंड चालू. संध्याकाळी पुरुषमंडळी कावा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं गुंगीचं पेय, प्यायला जमली की आधी विचारायची, लोपेती आलाय का? आला असेल तर बसायचं, नाहीतर घरी जाऊन झोपलेलं बरं. एकदा त्याने चर्चच्या पाळकबुवांचं डुक्कर प्रवचन कसं ऐकतं याची नक्कल केली, तेव्हा हसता हसता एका म्हाताऱ्याची कवळी कावाच्या लाकडी परातीत पडली. ती काढून, धुऊन, म्हाताऱ्याच्या तोंडात बसवून पिणं पुन्हा सुरू झालं. परात मात्र कुणी बदलली नाही.

पण बहीण समोर आली की हाच लोपेती खाली मान घालून, मान म्हणून कमरेला गुंडाळायची चटई नीट करून 'हो ताई', 'नाही ताई' करत उभा. आमच्यात बहिणीपुढे थट्टा चालत नाही. भाऊ वयात आला की बहिणीच्या खोलीत पाऊल टाकत नाही, तिच्या अंथरुणाचा, झोपेचा, दुखण्याखुपण्याचा विषय काढत नाही, तिच्यासोबत बसून टीव्हीसुद्धा बघत नाही. न जाणो पडद्यावर कुणी कुणाचा मुका घेतला, तर दोघांनी तोंडं कुठे लपवायची? बहीण वयाने लहान असली तरी मानाने मोठीच, आणि इथे तर ती दोन्हीकडून मोठी. त्यामुळे झालं असं, की सगळ्या बेटाला लोळवणाऱ्या माणसाचा एकही विनोद त्याच्या सख्ख्या बहिणीच्या कानावर कधी पडला नव्हता.

आणि नेमकी तीच पडून राहायला लागली.

लाविनिया म्हणजे कशी आत्या होती ते आधी सांगायला हवं. भावाच्या घरी लग्न असो, मयत असो, पोराचं काही असो, हिने यावं, सगळ्यात वरच्या जागी बसावं, आणि जाताना बोट दाखवून हवं ते उचलून न्यावं. सगळ्यात मोठं डुक्कर, सगळ्यात बारीक विणीची चटई, कापलेल्या केकचा वरचा मजला. भावाने ब्र काढायचा नाही आणि भावजयीने हसत बांधून द्यायचं. आमच्यात आत्याचा हक्कच तसा आहे. लोपेतीची बायको फाताई लग्न होऊन आली, तेव्हापासून तिचा फ्रिज दोनदा नणंदेकडे गेला होता. दोन्ही वेळा ती परसात जाऊन मनसोक्त रडली आणि पुढे येऊन हसली.

कोनफळं लावायच्या सुमाराला लाविनियाने मागणं बंद केलं. आधी सगळ्यांना हायसं वाटलं, फाताईला तर फारच. मग एका बारशात तिच्यापुढे चटई धरली तेव्हा ती म्हणाली, मला काही नको. मग ती चर्चच्या गाण्याला येईना. बायकांबरोबर विणायला बसेना. केस विंचरेना. नवरा ऑस्ट्रेलियात फळं तोडायच्या कामावर गेलेला, त्याचा फोन आला तर ती घेईना. लोक म्हणाले, नवऱ्याचा विरह. लोक म्हणाले, वय. आकोसिता, म्हणजे या दोघांची चुलत बहीण, जिला बेटावरच्या प्रत्येक गोष्टीचं कारण ठाऊक असतं, ती म्हणाली, आजीचं भूत लागलंय, पाला चोळायला हवा. लोपेतीने पालाही चोळवला. त्याने लाविनियाच्या अंगाला वास आला, बाकी काही झालं नाही.

मग त्याने फाताईमार्फत आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना बोलावलं. लेसिएली नर्स आडव्या बांध्याची, सावकाश बोलणारी. ती लाविनियापाशी पुष्कळ वेळ बसली आणि बाहेर येऊन म्हणाली, हे डिप्रेशन आहे, आजार आहे, बाईला भूतबीत काही नाही आणि ती आळशी तर नाहीच नाही. गोळ्या दिल्या, त्या फाताईच्या ताब्यात ठेवायला सांगितल्या. गुण यायला वेळ लागेल म्हणाली. तिला हस म्हणू नका, ऊठ म्हणू नका, नुसते आसपास राहा.

त्या दिवशी फाताई मळ्यात आली आणि लोपेतीला बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट सांगितली. नर्सने लाविनियाला सरळच विचारलं होतं, मरायचा विचार येतो का म्हणून. आणि लाविनियाने तितकंच सरळ सांगितलं होतं, येतो कधी कधी.

लोपेतीने हातातली पहार खाली ठेवली आणि तो वाफ्यातच बसला. त्याला भीती वाटली, लहानपणी समुद्रात पायाखालची वाळू सरकली होती तेव्हाही वाटली नव्हती इतकी. काय करावं? तिच्या उशाशी बसायची सोय नाही, हात धरायची सोय नाही. एरवी कुणी रडत असलं तर हा दोन वाक्यांत हसवायचा, पण ते हत्यार इथे काढायलाच बंदी. फाताई त्याच्या शेजारी बसून राहिली, आणि तो फार दिवसांनी पोटभर रडला.

दुसऱ्या दिवसापासून फाताई रोज सकाळी लाविनियाच्या घरी सोबतीला जायला लागली. लोपेतीनेही 'आसपास राहणं' सुरू केलं, आणि ते या लोपेतीने केलं म्हणजे कसं केलं असेल ते ओळखा.

सकाळी मळ्यात जाताना तो तिच्या पुढच्या कुंपणापाशी थांबायचा. 'झोप लागली का' विचारता येत नाही, कारण झोप म्हणजे अंथरूण आलं. 'गोळी घेतली का' विचारता येत नाही, कारण दुखणं आलं. उरलं काय, तर कोनफळं. "ताई, कोनफळांना मोड आलेत," तो रस्त्यावरून सांगायचा. बऱ्याच वेळाने आतून यायचं, "बरं झालं." ते किती हळू आलं, किती उशिरा आलं, यावरून तो तिचा दिवस ओळखायचा. काही दिवशी ते यायचंच नाही. मग तो तिथेच उभा राहून कोनफळांच्या पानांबद्दल, वेलींबद्दल, शेजारच्या मळ्यातल्या कोनफळांच्या वाईट चालीबद्दल सांगत बसायचा, फाताई दारात येऊन 'जा आता' अशी मान हलवेपर्यंत.

पण कोनफळांवर माणूस बोलणार तरी किती? मग त्याने तिचं कुंपण दुरुस्त करायला घेतलं. चांगलं धडधाकट कुंपण. फळ्या काढल्या, घासल्या, लावल्या, रंगवल्या. काम संपलं आणि पंचाईत झाली, आता तिथे बसायचं निमित्त काय? म्हणून कुणी बघत नाही असं पाहून त्याने दोन फळ्या स्वतःच मोडल्या आणि आळ डुकरांवर घातला. असं तीनचारदा झालं. गावातल्या डुकरांची इतकी बदनामी कधी झाली नव्हती. डुकरांचे मालक भांडायला आले, तर लोपेतीने त्यांनाही खिळे ठोकायला बसवलं.

त्याहून कहर म्हणजे ट्युबा. चर्चच्या ब्रास बँडमध्ये लोपेती ट्युबा वाजवतो. वाजवतो म्हणजे फुंकतो. एक दिवस ते पितळी धूड घेऊन तो कुंपणाजवळच्या नीरफणसाखाली बसला आणि सरावाला लागला. कोंबड्या पांगल्या. नीरफणसावरची दोन फळं पडली, ती पिकलेलीच असावीत, पण गावाने श्रेय ट्युबालाच दिलं. थोड्या वेळाने फाताई बाहेर आली, हातांनी नव्हे तर चक्क उशीने कान झाकून.

"वन्सं म्हणताहेत," ती म्हणाली, "त्या गाढवाला सांग, मी आजारी आहे, बहिरी नाही."

लोपेती ताडकन उठला. गाढव! महिन्याभरात ती सलग एवढं बोलली नव्हती. त्या संध्याकाळी कावाच्या बैठकीत तो शेजाऱ्यांच्या पाठीवर थापा मारून सांगत होता, ताईने मला गाढव म्हटलं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कुणीतरी अभिनंदन केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अशात लोसेचा पहिला वाढदिवस जवळ आला. लोसे ही लोपेती-फाताईची धाकटी. चार पोरींनंतरची पाचवी पोरगी, नाव आत्यानेच ठेवलेलं, गालांच्या मध्ये नाक शोधावं लागतं अशी. पहिला वाढदिवस आमच्यात लग्नाच्या तोडीचा असतो. मांडव, बँड, जमिनीतल्या भट्टीत अळूच्या पानांत बांधलेलं मटण, पाळकबुवांची प्रार्थना. आणि या सगळ्याच्या वरच्या टोकाला एक खुर्ची, तिच्यावर झाडाच्या सालीचं रंगवलेलं कापड, चटयांवर चटया, आणि त्यावर पोरीला मांडीवर घेऊन बसलेली आत्या. आत्या बसली की समारंभ सुरू, नाही बसली तर नुसतंच जेवण.

फाताईने लाविनियाला विचारलं. लाविनिया भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आकोसिताला बसवा. मला काही नको."

रिवाजाने ते चालत होतं. चुलत बहीण ही आमच्यात बहीणच. आकोसिताच्या कानावर हे गेलं आणि तिने जांभळा झगा शिवायलासुद्धा टाकला. घरात बैठक बसली. पाळकबुवा म्हणाले, आजारी माणसाला कशाला त्रास? थोरले काका म्हणाले, बसू दे आकोसिताला, सगळं सुरळीत होईल. सगळे अगदी शहाण्यासारखं बोलत होते, आणि लोपेतीला मात्र समोरच्या भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं. त्याला एकच कळत होतं. आपल्यावाचून जगाचं काही अडत नाही, असं ती अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःला सांगत असणार. उद्या खुर्चीत आकोसिता बसली, सगळं सुरळीत झालं, की तिला त्याचा पुरावाच मिळाला. मग ती त्या खोलीतून कशासाठी बाहेर येईल?

"आत्या बदलायची नाही," तो म्हणाला.

"अरे पण ती घराबाहेर येत नाही," काका म्हणाले.

"मग वाढदिवस तिच्या घरी नेऊ. तिच्या खोलीत मी जाऊ शकत नाही, पण तिच्या आवारात डुक्कर भाजायला कुणी बंदी केलीय?"

असं आजवर कुणी कधी केलंच नव्हतं. आकोसिता म्हणाली, तिला गर्दी सोसेल का? हा प्रश्न मात्र खरा होता. लोपेतीने फाताईला नर्सकडे पाठवलं. नर्स म्हणाली, तिलाच विचारा, आणि यायलाच हवं असं कुणी म्हणू नका. फाताईने विचारलं. लाविनिया म्हणाली, करा काय करायचं ते, मी बाहेर येणार नाही. लोपेतीला त्यातलं 'करा' तेवढं ऐकू आलं.

शुक्रवारी सगळी वरात निघाली. पुढे मांडवाचे खांब, मागे बाकं, त्यामागे परातीच्या पराती, त्यामागे दोऱ्या बांधलेली डुकरं, ज्यांना या दुरुस्त कुंपणाचा जुना राग असावा, कारण ती आवारात शिरायला तयार होईनात. केक चार मजली, त्याला पिकअपच्या मागे दोन मावश्या दोन्ही बाजूंनी मिठी मारून बसल्या होत्या. खड्डा आला की त्या दोघी आणि केक एकदमच 'हां' करायचे. लोपेती सगळ्यांच्या पुढे उलटा चालत हुकूम सोडत होता. आवारात पोचल्यावर त्याने नजर फिरवली, घराच्या पूर्वेला सपाट, हिरवीगार, सावलीची जागा दिसली, आणि तो म्हणाला, मांडव इथे. भावांनी, चुलतभावांनी, मावसभावांनी मिळून खांब रोवले, हातभर खोल, वर दगड ठोकून. खुर्चीची जागा ठरली अगदी भिंतीला लागून, एका बंद खिडकीखाली.

शनिवारी सकाळी फाताई घरातून बाहेर आली, मांडव पाहिला आणि कपाळाला हात लावून मटकन खाली बसली.

"अहो," ती म्हणाली, "ही खिडकी कुठली आहे, कल्पना आहे?"

कुणालाच नव्हती. आणि नसणारच. जन्मभर रिवाज पाळून यातला एकही भाऊ घराच्या त्या बाजूला कधी फिरकलाच नव्हता. ती लाविनियाच्या निजायच्या खोलीची खिडकी होती. म्हणजे भावाने बहिणीच्या खोलीसमोर अख्खं गाव तोंड करून बसवलं होतं. पुरुषमंडळी अशी काही पांगली की दोघेजण भट्टीच्या खड्ड्यात पडता पडता वाचले. लोपेतीला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण कोनफळासारखे आत जावं.

खांब उपटायला वेळ नव्हता. रस्त्यावर पाहुणे दिसू लागले होते, बँडवाले सूर लावत होते, डुकरं निम्मी भाजून झाली होती. थोरल्या काकांनी तोडगा सुचवला, खिडकीवर मोठं कापड टांगा. सगळे धावले. पण लोपेतीने हात आडवा धरला. झाकायचीच तर हे सगळं इथवर आणलं कशाला, आपल्या घरी काय वाईट होतं? तिला वाटलं तर तिला दिसलं पाहिजे. आता मात्र सगळे हैराण झाले. शेवटी फाताईच म्हणाली, "खिडकी नका झाकू. तुम्ही भाऊलोक तोंड फिरवून बसा."

आणि तसंच झालं. आमच्या बेटाने पुष्कळ समारंभ पाहिलेत, पण असा नाही. लाविनियाशी कुठल्याही बाजूने भावाचं नातं लागणारा प्रत्येक बाप्या, म्हणजे निम्मा गाव, खुर्च्या उलट्या करून रस्त्याकडे तोंड करून बसला. उरलेला निम्मा खिडकीकडे तोंड करून. मध्ये वाढणाऱ्या पोरी गोंधळून गेल्या, कुणाच्या पुढून वाढायचं आणि कुणाच्या मागून. पाळकबुवा नात्याने लांबचे मामेभाऊ निघाले, त्यामुळे प्रार्थनासुद्धा रस्त्याला उद्देशून झाली. बँडमधले दोन भाऊ पाठमोरे वाजवत होते, ते एक ओळ मागे राहिले आणि शेवटपर्यंत मागेच राहिले. लोक हसू दाबून दाबून लाल झाले होते. आकोसिता जांभळ्या झग्यात खुर्चीच्या अगदी जवळ उभी होती, लागलीच तर असू दे म्हणून. खुर्ची रिकामी होती. लोसे फाताईच्या कडेवर भोकाड पसरून रडत होती. खिडकी बंद होती.

मग लोपेतीची पाळी आली. पोरीच्या बापाने आभाराचं भाषण करायचं असतं. तो उठला आणि सगळ्यांना पाठ करून उभा राहिला. समोर रस्ता, रस्त्यावर कुणाचा तरी घोडा. आता हा काय बोलणार, म्हणून सगळं गाव कान टवकारून बसलं, कारण भिंतीपलीकडे बहीण होती, म्हणजे विनोद बंद.

त्याने देवाचे आभार मानले. राजाचे मानले. पाळकबुवांचे मानले. डुकरं देणाऱ्यांचे मानले आणि डुकरांची मागची बदनामी परत घेतली. मग त्याच्याजवळचं संपलं. विनोद काढून घेतला तर आपल्यात बोलण्यासारखं इतकंच आहे, हे त्याला घोड्याकडे बघताना पहिल्यांदा कळलं. घोड्याने शेपूट हलवली. मागे कुणीतरी खाकरलं. आणि मग, कसं कोण जाणे, त्याच्या तोंडून साधं बोलणं यायला लागलं.

"लोसेचं नाव तिच्या आत्याने ठेवलं," तो म्हणाला. "मागे जी खुर्ची आहे ती त्यांची. त्यांनी आज बसायलाच हवं असं नाही. नाही बसल्या तरी आम्ही रुसणार नाही. पण तिथे दुसरं कुणी बसणार नाही, मी जिवंत असेपर्यंत नाही. रिकामी राहिली, तरी ती त्यांचीच रिकामी खुर्ची. पुढच्या समारंभालाही आणू. त्याच्या पुढच्यालाही आणू. मांडव कुठे घालायचा ते मात्र बायकोला विचारून घालू."

कुणी हसलं नाही. बहिणीच्या कानावर त्याचा हा पहिला विनोद गेला होता, चुकून गेला होता, आणि कुणीही हसलं नाही. उलट मागे एकदम सामसूम झाली. ताटांचा आवाज थांबला. बँडवाल्यांची कुजबुज थांबली. लोसेसुद्धा रडायची थांबली. लोपेतीला वाटलं, मर्यादा सोडली आपण, झालं, संपलं. मागे वळायची तर सोय नाही. त्याने शेजारच्या चुलतभावाला डोळ्यांनी विचारलं, काय झालं रे? पण तोही पाठमोराच, त्याला काय डोंबल ठाऊक? पाठमोरा निम्मा गाव एकमेकांची तोंडं बघत होता, आणि ज्यांना दिसत होतं त्यांच्यातलं कुणी बोलत नव्हतं. फाताईचा हुंदका मात्र त्याने ओळखला.

"लोपेती," मागून आवाज आला. आवाज घोगरा होता, फार दिवस न वापरलेला. "इकडे तोंड कर."

तो रस्त्याकडे बघतच म्हणाला, "ताई, तुमची खिडकी..."

"खिडकी उघडली होती, परत लावली. दाराने बाहेर आलेय. तुला वळता यावं म्हणून. वळ आता."

आत्याचा हुकूम. तो वळला. त्याच्याबरोबर निम्मा गाव खुर्च्यांसकट वळला, त्यात दोघं पडले.

लाविनिया खुर्चीत बसली होती. केस विंचरलेले नव्हते. अंगावर घरातलाच झगा, त्यावर कमरेची चटई घाईने गुंडाळलेली, एक बाजू खाली लोंबत असलेली. वाळली होती. उन्हाची सवय गेल्यामुळे डोळे बारीक करून बसली होती. मांडीवर लोसे तिची बोटं चावत होती. लोपेतीने इतक्या महिन्यांत बहिणीचा चेहरा पहिल्यांदा पाहिला.

"मी बरी झालेले नाही," ती म्हणाली. सगळ्यांदेखत, भावाच्या तोंडावर, जे दोघांनी कधीच बोलायचं नव्हतं ते ती बोलली.

"माहितेय ताई."

"उद्या उठेन की नाही, ते सांगता येत नाही."

"नका उठू. उद्या रविवारच आहे."

ती हसली की नाही यावर गावात अजून वाद आहे. फाताई म्हणते हसली, आकोसिता म्हणते डोळ्यांवर ऊन आलं होतं. लोपेतीला विचाराल तर त्याला काही दिसलंच नाही. तो दोन्ही तळहात तोंडावर धरून मोठमोठ्याने रडत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, काही एक विनोद न करता, त्याने अख्ख्या गावाला हसवलं. हसणारेही डोळे पुसत होते. बँडला काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

लाविनिया पुन्हा झालेल्या प्रार्थनेपुरती बसली, केक कापेपर्यंत बसली. तिचा चेहरा उतरलेला फाताईला दिसला, तशी ती आत न्यायला पुढे आली. लाविनियाने लोसेला तिच्याकडे दिलं, खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठली, आणि दाराशी पोचल्यावर थांबली. आकोसिता तेवढ्यात केकचा वरचा मजला उचलून डब्यात ठेवत होती.

"ठेव तो खाली," लाविनिया म्हणाली. "माझा आहे तो."